आंब्याला जामीन

राजाभाऊंनी कोयता उगारला आणि तसाच वर धरून उभे राहिले, कारण पुढचं वाक्य त्यांचं नव्हतं.

शुक्रवारची सकाळ होती. शारजात, समनानमधल्या त्या जुन्या एकमजली व्हिलाच्या परसात आंब्याचं एक झाड होतं आणि त्याच्यासमोर लुंगी-बनियनमधले राजाभाऊ परुळेकर. रीत दोन माणसांची होती. वाढून मोठं झालं तरी फळ न धरणाऱ्या झाडाला कुडाळकडे भीती घालतात. एकाने कोयता उगारायचा, सालीवर एक ओरखडा काढायचा आणि दरडावायचं, "धरतंस काय घालू कोयतो?" तेवढ्यात दुसऱ्याने धावत येऊन त्याचा हात धरायचा आणि म्हणायचं, "तोडू नको रे. फुडच्या वर्सा धरतलो. मी जामीन आसंय." झाड हे ऐकतं, घाबरतं आणि पुढच्या वर्षी धरतं. राजाभाऊंच्या लहानपणी कोयता वडिलांकडे असायचा आणि जामीन आई राहायची. सगळीच झाडं ऐकत असत असं नाही, पण आईने कुठल्या झाडाला जामीन नाकारलेला त्यांना आठवत नव्हता.

इथे हात धरायला कोणी नव्हतं. आता एकतर घाव घालायचा, नाहीतर मुकाट्याने हात खाली घेऊन झाडासमोर हसं करून घ्यायचं. राजाभाऊंनी आवाज बदलून दुसरं वाक्यही स्वतःच म्हणून पाहिलं. ते त्यांचं त्यांनाच पटलं नाही, झाडाला काय पटणार.

"कुनावर कोयता उचललात, राजाभाऊ?"

कंपाउंडच्या भिंतीपलीकडून खैरुन्निसाचा आवाज आला. श्रीवर्धनची ही म्हातारी मुलाच्या संसारात शेजारी राहायची. कपडे वाळत घालताना तिचा डोक्यावरचा पदर तेवढा भिंतीवरून दिसायचा.

"आंबा धरत नाही, खाला," राजाभाऊ ओशाळून म्हणाले.

"मग त्याला दमात घेताव होय? थांबा, मी हाय."

पलीकडे बादली पालथी घातल्याचा आवाज झाला आणि भिंतीवर तिचा अख्खा चेहरा उगवला. तिने झाडाकडे बघून, घरच्या पोराची बाजू घ्यावी तसं म्हटलं, "तोडू नका हो त्याला. पुढल्या वर्साला धरंल. मी जामीन." मग राजाभाऊंकडे वळून म्हणाली, "झालं. ठेवा आता खाली, हात भरून येल."

राजाभाऊंनी कोयता खाली घेतला. त्यांना बरं वाटलं. पण खैरुन्निसाचं बोलणं संपलं नव्हतं.

"एक बोलू? तुमी त्याला तहान लागूच देत नाय. बारा महिने पानी. आमच्यात दिवाळीनंतर आंब्याला कोन पानी घालतो? ताण पडल्याबिगर तो मोहरायचा कशाला?"

"इथं वाळवंट आहे, खाला. इथं पाणी तोडलं तर तो मोहरणार नाही, मरेल."

"मी आपली जामीन राहिली. पुढचं तुमी बघा," असं म्हणून ती बादलीवरून उतरली.

ती गेल्यावरही राजाभाऊ बराच वेळ झाडापाशी होते. त्यांना तिचा थोडा राग आला होता. पाणी जास्त झालं म्हणे. त्या पाण्याची काय कथा आहे हे तिलाही ठाऊक असायला हवं होतं.

त्र्याण्णव साली राजाभाऊ बायको अनुराधा आणि मुलगी ओवीला घेऊन कंपनीच्या या घरात आले तेव्हा परस म्हणजे चार भिंतींत कोंडलेली वाळू होती. अनुराधा दारात उभी राहून म्हणाली होती, "इथे कपडे तेवढे छान वाळतील." राजाभाऊंना ते लागलं. एअर कंडिशनिंगच्या कंपनीत स्टोअरकीपर असले तरी ते मूळचे बागायतीतले. त्यांनी खड्डे खणले, रोपं लावली, गावाकडच्यासारखी आळी केली आणि रोज संध्याकाळी तांब्या-तांब्याने नळाचं पाणी घातलं. महिन्याभरात पानांच्या कडा जळाल्या आणि आळ्यात पांढरी बुरशी धरल्यासारखं मीठ वर आलं. कोकणातल्या माणसाला झाड लावता येतं. जगवायचं काम तिथे पाऊस करतो, त्यामुळे ते शिकायची वेळच त्याच्यावर येत नाही.

मग धैदच्या शेताकडून गोड मातीची एक पिकअप आली. गोड म्हणजे बिनमिठाची, वाळवंटातल्या बागवानांचा हा शब्द. पण खरी युक्ती अनुराधाला सुचली. खिडकीतल्या एसीखाली ती बादली ठेवायची, कारण भिंतीला ओल यायची. एके दिवशी तिने त्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि राजाभाऊंना हाक मारली. "अहो, हे आपल्या पावसासारखं लागतंय." स्वयंपाकघराच्या एसीखाली तिने अळू लावला. तो असा फोफावला की अळूवड्या भिंतीवरून खैरुन्निसाकडे जाऊ लागल्या आणि तिकडून सांदणं येऊ लागली. बोगनवेल चढली, शेवगा उभा राहिला. ओवी तेव्हा पाचवी-सहावीत होती. गावाहून आणलेला हापूस खाऊन तिने त्याची कोय मधोमध पुरली आणि कोणी तिच्यावर विश्वास ठेवायच्या आत ती रुजली. राजाभाऊंनी स्टोअरमधून नळीचे तुकडे आणले आणि तिन्ही खोल्यांच्या एसीचं पाणी आंब्याच्या बुंध्याशी नेऊन सोडलं. रात्री सगळे झोपले की परसात टप टप ऐकू यायचं. आपण झोपलो तरी झाडाला पाणी मिळतंय, याचं तिघांनाही समाधान असायचं.

ओवीची दहावी जवळ आली तेव्हा सगळे करतात तेच त्यांनी केलं. मायलेकी कुडाळला गेल्या. दोन वर्षांचाच प्रश्न आहे असं तेव्हा ठरलं होतं. विमानतळावर जाताना टॅक्सीत बसण्याआधी अनुराधा परसात एक चक्कर मारून आली आणि म्हणाली, "आंबा मोहरला की कळवा. येते."

दहावीनंतर बारावी आली, बारावीनंतर कोल्हापूरचं कॉलेज आलं. अनुराधाने गावात बालवाडी सुरू केली. राजाभाऊ वर्षातून एक महिना जायचे, पाहुण्यासारखे राहायचे आणि परत यायचे. आंबा वाढत होता. आता घरात एसी लागायचा तो एका खोलीत. बाकीच्या दोन नळ्या कोरड्या पडल्या आणि उन्हाळ्यात आंब्याची पानं लोंबली, तेव्हा राजाभाऊंनी ओवीच्या खोलीतला एसी लावला. मग मधल्या खोलीतला लावला. ते स्वतः बाहेरच्या खोलीत झोपायचे. आतल्या दोन खोल्या माणसांशिवाय गारेगार व्हायच्या आणि त्यांचं पाणी आंब्याला जायचं. ऑफिसला जाताना ते ओवीच्या खोलीचं दार उघडून हात आत घालून बघायचे. थंड हवा लागली की दार लोटून घ्यायचे. थंडीच्या दिवसांत अख्खं शारजा एसी बंद करायचं, तेव्हाही त्यांचे चालूच असायचे. वेडेपणा आहे हे त्यांना कळत होतं. पण ती मोहराचं बोलून गेली होती आणि मोहर आणणं एवढं एकच त्यांच्या हातात होतं.

कोयता उगारल्याच्या पुढच्याच आठवड्यात परेश आला. तो कंपनीच्या ॲडमिनमधला, मुंबईचा, वयाने राजाभाऊंच्या निम्मा. आत शिरल्याबरोबर तो खोल्या उघडत गेला.

"राजाभाऊ, सॉरी हां, पण हे काय आहे? एकटा माणूस आणि तीन-तीन एसी? बाहेर वेदर बघा, लोक पार्कात बार्बेक्यू करतायत."

"झाडाला पाणी जातं त्याचं."

परेश हसला. मग राजाभाऊ हसत नाहीत हे पाहून तोही थांबला. "मॅनेजमेंटचा क्लिअर डिसिजन आहे. व्हिला फॅमिलीवाल्यांसाठी. तुमची फॅमिली येणार असेल तर बिनधास्त राहा, मी तसं लिहून टाकतो. नाहीतर मार्चनंतर अल मजाज. टॉवर आहे, लगूनचा व्ह्यू आहे, चार जण एका फ्लॅटमध्ये. मस्त बॅचलर अकोमोडेशन."

गल्फमध्ये बॅचलर व्हायला लग्न व्हायचं राहावं लागत नाही, बायको जवळ नसली की पुरे. कॉलेजात जाणाऱ्या मुलीचा पंचावन्न वर्षांचा बाप म्हणाला, "येणार आहेत."

"कधी?"

"मार्चच्या आत. इन्शाल्ला."

"मग बेस्टच. पण तोपर्यंत ह्या दोन रूमचे एसी खलास." त्याने स्वतःच्या हाताने प्लग काढले, वायर गुंडाळून एसीच्या डोक्यावर ठेवली आणि निघताना राजाभाऊंच्या खांद्यावर थोपटलं. मुलगा वाईट नव्हता.

डिसेंबर, जानेवारी तसेच गेले. परेशचं ऐकून राजाभाऊंनी प्लगला हात लावला नाही, आणि थंडीत एकट्यासाठी कशाला म्हणून आपल्या खोलीतलाही एसी बंद ठेवला. नळाचं पाणी घालायची हिंमत होत नव्हती, पहिली जळालेली रोपं डोळ्यांसमोर यायची. आंब्याची पानं मलूल झाली, खाली थोडी गळलीसुद्धा. संध्याकाळी ऑफिसातून आले की ते खुर्ची घेऊन झाडाशी बसायचे. घरात बोलायला दुसरं कोणी नसल्यामुळे त्यांनी एकदोनदा झाडाला समजावूनही सांगितलं, की बाबा रे, माझ्या हातात नाही. टपटप बंद झाल्यावर ते घर किती शांत आहे हे त्यांना नव्याने कळलं.

फेब्रुवारीत एका सकाळी खैरुन्निसाने भिंतीवर चमचा वाजवला. "राजाभाऊ, बाहेर या. आमच्या बाजूची फांदी बघा."

ते चहाचा कप घेऊनच धावले. भिंतीकडच्या फांदीच्या टोकाला मोहर फुटला होता. कोवळा, पिवळट, तांबूस देठांचा. राजाभाऊंनी फांदी वाकवून नाक लावलं आणि कुडाळचं अंगण त्यांच्या छातीत भरलं.

"मी जामीन होती, म्हनून," खैरुन्निसा म्हणाली. मग हसून म्हणाली, "नायतर तहान लागली आसंल त्याला."

त्यांनी तिथूनच आत जाऊन फोन लावला. ओवी सुट्टीवर घरी आली होती, तिने घेतला. "हाय बाबा. आय ॲम सो लेट, आईला देते."

अनुराधा आली. मागे पडवीत बालवाडीची पोरं एका सुरात काहीतरी म्हणत होती.

"अनू, आंबा मोहरला."

"हो ना. अवकाळी पडला नाही तर चांगला टिकेल. गड्याला फवारणीचं सांगितलंय मी."

"तिथला नाही. इथला. आपला."

"इथला म्हणजे? अगंबाई, तो ओवीचा? अजून आहे तो? अरे वा."

राजाभाऊंनी रिसिव्हर दुसऱ्या कानाला लावला. "तू म्हणाली होतीस, मोहरला की येते."

"मी? कधी?"

"जाताना. टॅक्सीत बसायच्या आधी."

"म्हणाले असेन," ती हळू आवाजात म्हणाली. तिला ते आठवत नव्हतं आणि आठवत नाही याचं तिला वाईट वाटलं, हे त्यांना इकडे कळलं. "अहो, पण आता कशी येऊ? पोरं आहेत इथे. आईंना एकटं ठेवता येत नाही. ओवीची परीक्षा आहे. आणि येऊन मी तिथे करू काय दिवसभर? तुम्ही ऑफिसला गेलात की त्या भिंती बघत बसायचं, ते मी चार वर्षं केलंय. तुम्हाला कधी बोलले नाही एवढंच."

त्यांना हे खरंच माहीत नव्हतं. अळू, बोगनवेल, अळूवड्या हे सगळं ती सुखाने करत होती असं ते धरून चालले होते.

"कंपनी घर मागतेय," ते म्हणाले. "फॅमिली येणार नसेल तर सोडा म्हणतात."

हे सांगून ते थांबले. तिने येते म्हणावं अशी अपेक्षा आता त्यांनाही राहिली नव्हती. नका सोडू, अजून एक वर्ष बघू, एवढं जरी ती म्हणाली असती तरी चाललं असतं. ते परेशच्या हातापाया पडले असते, एसीविना दोन उन्हाळे काढले असते.

"मग सोडा की," अनुराधा म्हणाली. "एवढं मोठं घर एकट्याने झाडायचं, पुसायचं. चार माणसांत राहिलात तर जेवण तरी वेळेवर होईल. माझ्या जिवाला घोर नाही राहणार."

ती प्रेमानेच बोलत होती. त्यामुळे रागावायलाही जागा राहिली नाही. "बरं," राजाभाऊ म्हणाले आणि पंपाची मोटर दुरुस्त झाली का, ते विचारलं.

फोन ठेवल्यावर त्यांना खूप एकटं वाटलं. इतकी वर्षं ते एकटेच होते, पण ते एकटेपण वाट बघणाऱ्याचं होतं. आज वाटच राहिली नाही. ओवीच्या शिक्षणासाठी अजून दोन-तीन वर्षं काढणं भाग होतं, ती कुठेही काढता आली असती. चहा कपात गार झाला होता, तो त्यांनी तसाच पिऊन टाकला.

मार्चमध्ये शमालचा वारा तीन दिवस वाळू घेऊन आला आणि मोहर झडून गेला. बारीक कैऱ्यांच्या कण्यासुद्धा धरल्या नाहीत. परेशने विचारलं तेव्हा राजाभाऊंनी सरळ सांगितलं, "नाही येत." परेश ओशाळला आणि त्याने आपल्या अधिकारात त्यांना मेपर्यंत राहू दिलं.

मेमध्ये सुजीत आणि समिधा आली, ठाण्याची. तो कंपनीत नवीन डिझाइन इंजिनियर, ती दमलेली, कडेवर तीनेक वर्षांची मुलगी. ऊन असं की गेटपासून दारापर्यंत येईस्तोवर मुलगी रडकुंडीला आली. "मम्मा, इट्स सो हॉट." समिधाने तिला मागच्या खोलीत नेऊन निजवलं. सामान आत जात होतं. राजाभाऊंची एक बॅग आणि एक खोका दारात तयार होता, अल मजाजला नेणारा कंपनीचा पिकअप बाहेर उभा होता.

राजाभाऊ सुजीतला घर दाखवत होते. गॅसचा कॉक, टाकीचा व्हॉल्व्ह. परसात आल्यावर त्यांनी शेडमधून कोयता काढून त्याच्या हातात दिला. "हा ठेवा. नारळ सोलायला इथं असा मिळत नाही. बॅचलर अकोमोडेशनमध्ये नेऊन मी काय करू?"

"थँक्यू काका." सुजीतने कोयता हातात तोलून बघितला. शहरी माणसाच्या हातात असं काही आलं की तो उगाच हवेत फिरवतो, तसा त्याने तो फिरवला आणि आंब्याकडे रोखला. "हे झाड मात्र काढावं लागेल. समिधाला इथे इंटरलॉक टाइल्स हव्यात. छोटीला सायकल फिरवता येईल. आणि फळ तर काही दिसत नाही ह्याला."

तो बोलता बोलता झाडाशी गेला. बुंधा किती जाड आहे ते बघावं म्हणून त्याने पातं सालीवर टेकवलं.

राजाभाऊंनी त्याचं मनगट धरलं. धरल्यावर त्यांनाच कळलं की आपण धरलंय.

"तोडू नको रे," ते म्हणाले. "फुडच्या वर्सा धरतलो. मी जामीन आसंय."

सुजीत गोंधळून बघत राहिला. समिधा दारात आली होती. "काय म्हणाले काका?"

"जामीन राहिले ते त्याला," भिंतीपलीकडून खैरुन्निसा म्हणाली. "आता तोडायचा नाय."

राजाभाऊंनी मनगट सोडलं. त्यांना लाज वाटली, पण बोलणं मागे घेतलं नाही. "यंदा मोहर आला होता," ते समिधाला म्हणाले. "वाऱ्याने नेला. पाणी फक्त एसीचं द्यायचं, नळाचं नको. आणि दिवाळीनंतर तेही बंद करा. तहान लागू दे त्याला. मी लागू दिली नाही, तिथं चुकलं."

समिधाने झाडाकडे पाहिलं. परसात तेवढीच सावली होती आणि ती त्या सावलीतच उभी होती. खाली वाळू होती, कडेला अळूची मोठाली पानं.

"बरं, एक वर्ष बघू," ती म्हणाली.

किती सहज म्हणाली. राजाभाऊंनी मान हलवली आणि तोंड फिरवून किल्ल्या शोधायचं निमित्त केलं. किल्ल्या हातातच होत्या. त्या सुजीतला दिल्या, भिंतीकडे बघून हात केला. पलीकडून फक्त पदर हलला.

पिकअपवाल्याने हॉर्न दिला. "यल्ला, राजाभाई." बॅग उचलायला वाकताना त्यांना परसातून टप टप ऐकू आलं. त्यांनी वळून पाहिलं. ओवीच्या खोलीची नळी गळत होती. खिडकीचा पडदा ओढलेला होता आणि आत कुणाची तरी मुलगी गार हवेत गाढ झोपली होती. एसी तिच्यासाठी लावला होता. पाणी आंब्याला जात होतं.

ते थोडा वेळ ऐकत उभे राहिले, मग गेट सावकाश लावून घेतलं.